चाळिशीनंतरची अडथळ्यांची शर्यत: वेग कंडरांना ठरवू द्या

नेदरलँड्समध्ये अडथळ्यांच्या शर्यती दोन तऱ्हांच्या असतात. चाळिशी ओलांडलेल्या मित्रमंडळींनी नाव नोंदवण्याआधी त्यांतला फरक समजून घ्यावा. एक तऱ्हा मड मास्टर्स किंवा स्ट्राँग व्हायकिंग यांसारख्या मोठ्या व्यावसायिक शर्यतींची: चिखलाचे चर, उंच भिंती, जाळ्या, आणि साधारण ७, १३, १९ किलोमीटर अशी चढती अंतरं. दुसरी तऱ्हा इथल्या मातीतली. तिला सर्व्हायव्हलरन म्हणतात. गावोगावचे क्लब ती भरवतात. तिचा मोसम शरदापासून वसंतापर्यंत, म्हणजे ऐन थंडीतही चालतो, आणि तिचा सगळा भर दोरखंडांवर असतो. कालव्यावर ताणलेल्या दोराला हातापायांनी लटकत पलीकडे जायचं, उभा दोर चढायचा, आडव्या खांबावर पाय टाकून अंग वर घ्यायचं, ओंडका खांद्यावर घेऊन धावायचं, मध्येच होडी वल्हवायची. स्पर्धा-गटात मनगटावर पट्टी असते, आणि अडथळा पार झाला नाही तर ती गमवावी लागते. हौशी गट मात्र एकत्र निघतात आणि एकमेकांना हात देत, जमेल ते करत शेवटापर्यंत पोचतात. शाळेत दोरीचा मल्लखांब पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही.

दोन्हींसाठी तयारी करायची म्हटलं की बहुतेक जण धावायला लागतात. दीड-दोन महिन्यांत दम वाढतो, पाच किलोमीटर सहज होतात आणि आपण तयार झालो असं वाटतं. इथेच फसगत होते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना कंडरा म्हणतात. या वयात तयारीचा वेग फुप्फुसांनी ठरवायचा नसतो. दम आणि स्नायू यांच्या मानाने कंडरा फार सावकाश बदलतात, म्हणून तो त्यांनी ठरवायचा, आणि गटात जो सर्वांत मागे आहे त्याने. या लेखातला सगळा सल्ला या एका म्हणण्यातून निघतो.

व्यायाम सुरू केल्यावर हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारतं. स्नायूंची ताकद दीड-दोन महिन्यांत जाणवण्याइतकी वाढते. कंडरांना मात्र कित्येक महिने लागतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी आणि त्यांच्यातली झीज-भर फार मंद. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश संशोधनाने हे वेगळ्याच वाटेने दाखवलं. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. टाचेच्या वरच्या कंडरेच्या गाभ्यात त्याचं प्रमाण किती, हे संशोधकांनी मोजलं. ते त्या त्या माणसाच्या वयात येण्याच्या काळाशी जुळलं, म्हणजे साधारण सतराव्या वर्षानंतर तो गाभा फारसा नव्याने घडलेलाच नव्हता. याचा अर्थ कंडरा सुधारत नाहीत असा नव्हे. योग्य ताण दिला तर त्या अधिक घट्ट आणि भरवशाच्या होतात, पण त्यासाठी किमान तीन महिने, आणि खरं तर सहा, धरावे लागतात. नेदरलँड्समधल्या माणसाची यात आणखी एक अडचण आहे. सायकल. रोज कामावर सायकलने जाणाऱ्याचा दम चांगला असतो, पण सायकलवर पाय जमिनीवर आदळत नाहीत, उतार उतरताना मांडीवर झटका बसत नाही आणि हातांवर शरीराचं वजन कधीच येत नाही. या देशाच्या युरोपातल्या भागाचं सर्वोच्च ठिकाण, फाल्सरबेर्ख, जेमतेम ३२२ मीटर उंच आहे. एके काळी राजगड-हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाचे गुडघे इथे दहा वर्षं राहून उतरण विसरलेले असतात. दम पुढे आणि कंडरा मागे, अशा अवस्थेत शर्यतीला उतरलं की दम माणसाला पुढे ढकलत राहतो आणि कोपर, खांदा किंवा टाच हार खाते.

आपल्या लोकांच्या बाबतीत शरीराची ठेवणही लक्षात घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर 'नॉर्मल' दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावरून दाखवून दिलं. आडव्या बारला लटकताना हा फरक फार जाणवतो, कारण पूर्ण वजन बोटांना पेलावं लागतं आणि चरबी त्यात काही मदत करत नाही. म्हणून वजन ठीक आहे या समाधानावर विसंबू नये. पकडीचं महत्त्व शर्यतीपुरतंही नाही. सतरा देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात (२०१५) पकडीची ताकद दर ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. पकड वाढवली की आयुष्य वाढतं असं यावरून सिद्ध होत नाही. पण सगळ्या शरीराच्या बळाचा तो एक प्रामाणिक निर्देशक आहे, हे मानायला हरकत नाही.

आता या म्हणण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप, आणि तो नेदरलँड्समधूनच येतो. ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. चार मैलांच्या शर्यतीसाठी तयारी करणाऱ्या नवख्या धावपटूंचे दोन गट केले. एकाला नेहमीचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ न करणारा तेरा आठवड्यांचा. दोन्ही गटांत साधारण पाचांतल्या एकाला दुखापत झाली. सावकाश जाण्याने काहीच फरक पडला नाही. मग सावकाशीचा आग्रह कशासाठी? या चाचणीचा मी असा अर्थ लावतो: नुसतं धावणं हळू वाढवणं पुरेसं नाही, कारण कमी धावणं म्हणजे कंडरेला बळकट करणं नव्हे. तिला वेळ हवा तसा भारही हवा, आणि तो मोजूनमापून दिलेला हवा. याला दोन आधार आहेत. १९९८ साली स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या जुनाट दुखण्याने धावणं सोडावं लागलेल्या पंधरा हौशी खेळाडूंना विश्रांती न देता पायरीच्या कडेवर टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम दिला, दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. त्यांचं सरासरी वय चव्वेचाळीसच्या आसपास होतं आणि सगळे पुन्हा धावू लागले. चाचणी लहान होती, पण टाचेच्या दुखण्यावरच्या उपचारांची दिशा तिने बदलली. दुसरा आधार २०१४चा: पंचवीस चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं की ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या, तर नुसत्या स्ट्रेचिंगने काही फरक पडला नाही. त्यातले बरेच जण तरुण खेळाडू होते, म्हणून तोच आकडा पन्नाशीतल्या माणसाला जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे.

तेव्हा शर्यत मे महिन्यात असेल तर सुरुवात ऑक्टोबरमध्ये करावी. पहिले दोन महिने धावण्याला दुय्यम ठेवा. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, चाळीस मिनिटं ताकदीसाठी द्या. पायरीच्या कडेवर दोन्ही टाचा उचलायच्या आणि तीन-चार आकडे मोजत खाली सोडायच्या. खुर्चीवर बसता-बसता थांबून उठायचं. बुटक्या पायरीवरून एका पायावर सावकाश उतरायचं. पाण्याने भरलेले दोन कॅन हातांत घेऊन खांदे न पाडता चालायचं. बैठका येत असतील तर उत्तम, पण घाईत शंभर मारण्यापेक्षा संथपणे वीस माराव्या. लटकण्याची सुरुवात पाय जमिनीला टेकलेले ठेवून करावी, म्हणजे निम्मंच वजन हातांवर येईल: दहा-दहा सेकंद, पाच-सहा वेळा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाय उचलून पूर्ण लटकायचं, अर्ध्या मिनिटापर्यंत न्यायचं, आणि कोपर न वाकवता फक्त खांद्याची पाती खाली ओढायला शिकायचं. ही बारीकशी हालचाल खांदा वाचवते आणि बहुतेक जण ती वगळून थेट पुल-अपच्या मागे लागतात. पाचव्या महिन्यापासून एका बारवरून दुसऱ्यावर जाणं, दोर, बुटक्या उंचीवरून उडी मारून मऊ गुडघ्यांनी उतरणं. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात दोन्ही एकत्र: एक किलोमीटर धावायचं आणि धाप लागलेली असतानाच लटकायचं, कारण शर्यतीत पकड सुटते ती अशाच वेळी. शेवटचे दोन आठवडे भार निम्म्यावर आणावा. यासोबत आठवड्यातून दोनदा चालत-धावत आणि एकदा लांब पायपीट. सगळं मिळून पाच तासांच्या आत बसतं.

खर्च फार नाही. मुलांच्या खेळाच्या मैदानांतल्या आणि कॅलिस्थेनिक्स पार्कमधल्या बारवर सकाळी कोणी नसतं. १९७०च्या दशकापासून जंगलांत घातलेल्या व्यायामवाटा, ज्यांना इथे 'ट्रिमबान' म्हणतात, काही ठिकाणी अजून आहेत. आम्स्टेलव्हेनकरांना आम्स्टरडाम्से बोस दाराशी आहे. चढ-उतारासाठी हमरस्त्यावरचे पूल चालतील, आणि महिन्यातून एकदा स्खोर्लच्या वाळूच्या टेकड्या किंवा आर्नेमजवळचा पोसबांक. दोरखंडाचं तंत्र मात्र एकट्याने शिकू नये. सर्व्हायव्हलरन क्लबांकडे स्वतःची सरावाची मैदानं असतात. पाय दोराला कसा अडकवायचा हे जाणत्या माणसाने तासाभरात दाखवलं की महिन्यांची ताकद वाचते.

खांदा आधी तपासून घ्या. हात सरळ वर कानापर्यंत जात नसेल तर लटकण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे जावं. खांदा आखडण्याचा आजार चाळीस ते साठ याच वयात अधिक दिसतो, स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये जास्त. २००६पासून नेदरलँड्समध्ये फिजिओकडे थेट जाता येतं, हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही. पैसे मात्र बहुधा पूरक विम्यातून किंवा खिशातून जातात, हे आधी पाहून ठेवावं.

घरातले वडीलधारे विचारतील, या वयात हे कशाला, रोज चालणं पुरेसं नाही का? प्रश्न योग्य आहे आणि त्याला आदराने उत्तर द्यायला हवं. डच आरोग्य परिषदेच्या २०१७च्या शिफारशीत आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालींबरोबर स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा सांगितला आहे. चालण्याने पहिला भाग होतो, दुसरा होत नाही. हृदयाबद्दलची काळजीही खोटी नाही. 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं सरासरी वय ५३ होतं, इतरांत ५९च्या आसपास. आणि १९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जोरदार श्रमांच्या वेळी व त्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका वाढतो. पण किती वाढतो हे सवयीवर ठरतं. आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम न करणाऱ्यांत तो १०७ पट वाढला, पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत फक्त २.४ पट. मुळातला धोका एखाद्या तासापुरता अगदी अल्प असतो, तरी या दोन आकड्यांतलं अंतर बोलकं आहे. हौस म्हणून आयत्या वेळी उतरणाऱ्या मित्रालाच सर्वांत जास्त भीती आहे. म्हणून पूर्वतयारीविना आलेल्याला गटाने प्रेमाने पण ठामपणे प्रेक्षकांत उभं करावं. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, किंवा चढ चढताना छातीत आवळल्यासारखं, जबड्यात दुखल्यासारखं होत असेल, तर हाउसआर्ट्सशी बोलल्याशिवाय पहिला व्यायामही करू नये. तिथे 'थकवा येतो' असं मोघम न सांगता कोणत्या श्रमाला, किती मिनिटांनी, काय होतं ते सांगावं. आणि गटातल्या दोघांनी तरी छातीदाब व एईडी वापरण्याचं प्रशिक्षण घ्यावं. इथे ते सहज मिळतं, आणि प्रशिक्षित नागरिकांना जवळच्या रुग्णाकडे बोलावणारी 'हार्टस्लाखन्यू' ही देशव्यापी यंत्रणाही आहे.

मित्रांबरोबर सराव करण्याचा फायदा नुसत्या सोबतीचा नाही. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवरच्या, २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तोच व्यायाम एकट्याने केल्यापेक्षा सगळ्यांनी मिळून केल्यावर वेदना सहन करण्याची मर्यादा अधिक वाढलेली आढळली. प्रयोग लहान होता, पण वारीत किंवा ढोलपथकात घाम गाळलेल्या कोणालाही तो पटेल. मला यात आनंदाइतकाच धोकाही दिसतो. कंडरा आपली तक्रार वेदनेतूनच सांगते, आणि मित्रांच्या गलक्यात ती तक्रार ऐकू येत नाही. म्हणून दुखण्याचा निवाडा सरावाच्या वेळी करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठल्यावर, एकट्याने करावा. पहिल्या चार पावलांना टाच कालच्यापेक्षा जास्त आखडली असेल, चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला सणक गेली, तर पुढच्या सरावाचा भार कमी करावा. बंद करू नये, कमी करावा. आणि ते गटाला स्पष्ट सांगावं.

गटाचा वेग सर्वांत मागच्याने ठरवायचा म्हटलं की तगडे मित्र कुरकुरतात, आमचा सराव वाया जाईल म्हणून. त्यांचं म्हणणं धावण्यापुरतं खरं आहे. धावणं त्यांनी स्वतंत्र करावं. पण अडथळ्यांच्या शर्यतीत भिंतीवरून दुसऱ्याला वर ओढणं, खांद्यावर पाय देऊन चढवणं हे खेळाचंच अंग आहे आणि त्याला कसब लागतं. ऐंशी किलोच्या मित्राला पाठ न वाकवता, मांड्यांच्या जोरावर वर घेणं हा तगड्या माणसाचा खरा सराव. तेव्हा आठवड्याचा एक सामायिक दिवस ठेवावा, त्या दिवशी मागच्याचा वेग, आणि बाकीचे दिवस ज्याचे त्याचे. पती-पत्नी दोघं भाग घेत असतील तर लहान मुलांना कोण सांभाळणार हेही वेळापत्रकातच लिहावं. ते न लिहिल्यामुळे बहुधा बाईचा सराव आधी सुटतो.

पाण्याबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. इथली मुलं पोहण्याचा 'ए' डिप्लोमा घेताना कपड्यांसकट पोहून दाखवतात, आणि काठावर बसलेल्या कित्येक आईबापांना पोहता येत नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने कालव्यावरचा दोर घेऊ नये, मग त्याची पकड कितीही चांगली असो. मोठ्यांसाठीही तलावांवर वर्ग असतात. सहा महिने त्याला पुरतात. पोहणाऱ्यांनीही थंड पाण्याचा पहिला धक्का ओळखून असावं. अंग बुडताच आपोआप जोराचा श्वास आत ओढला जातो आणि मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही. त्या मिनिटात पोहू नये, तोंड पाण्याबाहेर ठेवून लांब उच्छ्वास सोडत थांबावं. धक्का ओसरतो. घरी शॉवरच्या शेवटी अर्धा मिनिट गार पाणी घेत गेल्यास त्याची तीव्रता कमी होऊ शकते.

आहारात फार काही बदलावं लागत नाही, पण शाकाहारी घरांत प्रथिनं मोजावीत. सराव करणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ग्रॅम किंवा थोडं अधिक लागतं, आणि वरण-भात-भाजीतून ते क्वचितच भरतं. ज्या क्वार्कचं आपण श्रीखंड करतो तेच साखरेविना खाल्लं तर शंभर ग्रॅममागे आठ-नऊ ग्रॅम मिळतात. ड जीवनसत्त्वाचे १० मायक्रोग्रॅम रोज घ्यावेत, असा डच आरोग्य परिषदेचा सल्ला सावळ्या त्वचेच्या लोकांना आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांना आहे. इथल्या हिवाळ्यात तो मनावर घ्यावा.

नोंदणी करताना सर्वांत लहान अंतर आणि हौशी गट निवडा. दोन दिवस आधी जुने, पकड असलेले बूट भिजवून त्यांत धावून पाहा. अंगठ्या काढून ठेवा, कारण बारवरून सुटताना अंगठी अडकली तर बोट जायबंदी होतं. सुती कपडे नकोत. अडथळा जमणार नाही असं वाटलं तर बाजूने जा. हौशी गटात त्यासाठी कोणी बोल लावत नाही. चिखलाचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका, जखमा लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आधीच पाहून ठेवा. नंतरच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलपाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात होतो असं नाही. जंगलातून शर्यत असेल तर त्याच संध्याकाळी एकमेकांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड शोधा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर हाउसआर्ट्सना दाखवा. मांड्या आणि दंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखतील आणि आठवड्यात मोकळे होतील. कोपर, खांदा किंवा टाच यांचं दुखणं दोन आठवड्यांपुढे टिकलं तर फिजिओची वेळ घ्या. पुढच्या मोठ्या अंतराची नोंदणी ते दोन आठवडे सरल्यावर, सगळे एकत्र बसून करा.